आवाज साफ

कॅसेटचं नाव ‘जावई मोंढ्यात’.
पिवळं कव्हर, त्यावर हरकळ मास्तर,
खांद्यावर टॉवेल, तोंड अर्धं उघडं,
जसं काही फोटोग्राफरलाच सांगायलेत.
एक माणूस, एक टॉवेल, अकरा आवाज.
टॉवेल डोक्यावर घेतला की सासू,
कमरेला आवळला की आडत्या,
हातावर टाकला की हॉटेलातला पोऱ्या.
कॅसेटवर टॉवेल दिसत नाही,
पण तो कमी पडला असं कुणी म्हणलं नाही.

सेलू, जिनिंगचं आवार, सत्त्याऐंशीचा फेब्रुवारी.
लाउडस्पीकरवाल्या हबीबभाईनं
एक माईक मास्तरांपुढं लावला
आणि दुसरा, कुणी सांगितलं नसताना,
लोकांच्या मधोमध बांबूला बांधला.
म्हणून त्या टेपवर यमाजी आवटे तलाठी हसतो,
सापळ्यात उंदीर सापडल्यासारखं, चिर्रर्र,
जो कचेरीत सात-बारा देताना
दातसुद्धा दाखवायचा नाही.
पुष्पा नर्स हसते सगळ्यांच्या आधी,
कारण तिनं मानवतला हा प्रयोग पाहिलता.
एक लेकरू भोकाड पसरतं. मास्तर म्हणतात,
‘घ्या, ह्याला बी सासू कळली.’
मग काचीगुडा पॅसेंजर शिट्टी मारत जाते, लांबलचक.
मास्तर तिला पूर्ण जाऊ देतात, आणि मग हळूच,
‘जावई आला म्हणून सासरा गाडीला बसला.’

आमच्याकडं ती इतकी वाजली
की तीन टेपरेकॉर्डर झाले तिच्यापायी.
एका जागी टेप तुटली,
अक्कानं नेलपॉलिशनं जोडली.
तिथं सासरा निम्म्या वाक्यातून
एकदम गंगाखेडला पोचतो.
आम्हाला ते तसंच पाठ आहे.

मागल्या महिन्यात परभणीला नेली.
वसमत रोडवर एक पोरगा
जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर घालून देतो.
दोनशे रुपये घेतले, वरून म्हणला,
‘काका, लई कचरा होता मधी.
सगळा काढलाय. आवाज एकदम साफ.’

घरी लावलं.
मास्तर बोलायला लागले, स्वच्छ,
शेजारी मांडी घालून बसल्यासारखे.
‘जावई म्हणला, मला काही नको, फक्त चहा.’
आणि थांबले.
कोणीच नव्हतं.
पंखा नाही, खोकला नाही, खुर्चीची कुरकुर नाही.
‘फक्त चहा. अन् चहासंगं जे काय असंल ते.’
परत थांबले.
मला पहिल्यांदाच वाटलं,
ह्यात हसण्यासारखं तरी काय होतं?
रिकाम्या आवारात एक माणूस
अकरा आवाज काढायलाय
आणि दर वाक्यानंतर कुणाची तरी वाट बघायलाय.

मी बंद करायला उठलो.
दादा खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.
शाळेचे रिटायर शिपाई, वय एक्क्याऐंशी,
दुपारपासून एक शब्द बोललेले नाहीत.
मास्तर थांबले तसे दादा म्हणाले,
‘यमाजी.’

पुढच्या वाक्याच्या आधीच म्हणाले, ‘पुष्पी.’
मग, ‘हबीब खोकला.’
मग, ‘शेषाबाईचं लेकरू.
आता संभाजीनगरला वकील हाय.’
पॅसेंजर आली नाही.
दादांनी हात थोडा वर केला,
डबे मोजल्यासारखी बोटं हलवली,
आणि हात खाली ठेवला.
मास्तर बरोबर त्याच वेळी बोलले.

शेवटी शेवटी मास्तर फार वेळ थांबतात.
तिथं सगळ्यात मोठं हसू होतं,
टेप फाटंल असं, अर्धा मिनिट तरी.
मी दादांकडं बघितलं.
काही नाही.
‘दादा, इथं कोण?’

‘इथलं मला इचारू नको,’ दादा म्हणाले.
‘मी मागं खुर्च्या मोजायलतो.
शाळेतून साठ नेल्या,
छप्पन भरायल्या.
हेडमास्तरला अजून सांगितलं न्हाई.’